गाडी गप्प करणारे मास्तर

१९ जून. वॉशिंग मशीनच्या चारही पायांखाली फेल्ट बसवायचं काम आज हातात घेतलं. मशीन फिरायला लागलं की बाल्कनी थरथरते आणि खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघतात. बाजारात यासाठी रबराचे तयार बूट मिळतात, पण रबर दोन महिन्यांत दबतं. लोकरीच्या फेल्टचे दोन थर आणि मधे पातळ कातडं, हे वर्षानुवर्षं टिकतं. हे मला मास्तरांनी शिकवलं. फेल्ट कापताना कात्री फेल्टावर नाही, फेल्ट कात्रीवर सरकवायचं, हेही त्यांनीच.

मास्तरांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांत, त्यांनी तीस वर्षं काढली. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि चिखलीच्या बाजूला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन राजेरजवाड्यांच्या जुन्या मोटारी गप्प करायचा उद्योग सुरू केला. दुरुस्ती वेगळी. ती शेडमधले दोन फिटर करायचे. इंजिन चालू झालं, ब्रेक लागले की फिटरांचं काम संपायचं आणि मास्तरांचं सुरू व्हायचं.

मी तेव्हा काळेवाडीत एका सीटकव्हरच्या दुकानात शिलाई मशीनवर बसायची. नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी शाळेत. एक दिवस स्कूटर बाहेर लावून एक उंच, हाडकुळा माणूस दुकानात आला आणि मालकाशी न बोलता माझ्या मशीनशेजारी येऊन उभा राहिला. पाच मिनिटं नुसता उभा. मी काम थांबवलं.

"काय पाहिजे?"

"ह्या मशीनला तेल कोण घालतं?" ते इतक्या जोरात बोलले की रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला.

"मीच."

"शेजारचं मशीन खटखटतंय. तुमचं नाही. सोमवारपासून या."

पगार, वेळ, काम, काहीच सांगितलं नाही. पत्ता मालकाला विचारून मी सोमवारी गेले. सीटा शिवायला आलेली बाई पुढे नऊ वर्षं त्या शेडमध्ये राहिली.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की शेडमधला सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा स्वतःचा होता. प्रेसच्या दणदणाटात तीस वर्षं ओरडून बोलायची सवय. चहा मागितला तरी भांडण चाललंय असं वाटायचं. पण गाडीचं दार लावताना बिजागरीतून केसाएवढी कुरकुर आली तर शेडच्या दुसऱ्या टोकावरून धावत यायचे. गाडी तपासायला त्यांच्याकडे चुलीची पितळी फुंकणी होती. तिचं एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. डॉक्टरांच्या नळीपेक्षा फुंकणी खरी, असं त्यांचं मत होतं. कानाला दोनदा भाजलं, तरी मत बदललं नाही.

शेडमध्ये शिरताना दाराशी एक परात ठेवलेली असायची. किल्ल्या, सुट्टे पैसे, बेल्ट, जे वाजेल ते परातीत. गाड्यांचे मालक, मग ते कितीही मोठे असोत, परातीसमोर उभे राहून खिसे रिकामे करायचे. माझ्या बांगड्यांबद्दल मास्तर आठवडाभर काही बोलले नाहीत. आठव्या दिवशी सुती पट्टीची एक गुंडाळी घेऊन आले.

"बाई, ह्या गुंडाळून घेता का?"

"मास्तर, बांगड्या राहतील. तुम्ही ऐकताना मी लांब उभी राहीन."

त्यांनी जरा विचार केला आणि पट्टी खिशात घातली. तेव्हापासून इंजिन ऐकायचं झालं की हाताने खूण करायचे आणि मी दाराबाहेर जाऊन चहा प्यायची. शेडमध्ये पगारी चहाची सुट्टी मिळणारी मी एकटीच.

जेवताना ते पापड आमटीत बुडवून मऊ करून खायचे. कुणी कुरकुरीत खाल्ला तर घास हातात धरून थांबायचे, तो संपेपर्यंत. खंडेनवमीला प्रसाद म्हणून चुरमुरे आणायला बंदी होती. पेढेच.

पण त्यांची खरी वस्तू म्हणजे आवाजांची वही. गाडी आली की तिचे सगळे आवाज त्या वहीत उतरवायचे, प्रत्येकाचं नाव लिहून. एकदा मी 'मागच्या चाकात खडखड' असं लिहिलं. मास्तरांनी वही परत केली.

"खडखड बैलगाडी करते. ही खुळखुळ आहे. खडखड म्हणजे मोठ्या वस्तू सैल आहेत. खुळखुळ म्हणजे लहान वस्तू मोठ्या वस्तूत सैल आहे. चुकीचं लिहिलंत तर चुकीचा नट आवळाल."

दुसऱ्या दिवशी चाकाच्या टोपीत एक वायसर सापडला. त्यानंतर मी वाद घातला नाही. किरकिर, करकर, चरचर, टकटक, ठकठक, घरघर, भणभण, असं करत पानं भरायची. आवाज गेला की मास्तर त्याच्यावर लाल शाईची रेघ मारायचे. नाव न ठेवलेला आवाज बंद होत नाही, असं म्हणायचे. घरी नवऱ्यावर मी हे वापरून पाहिलं. तिथे उपयोग झाला नाही.

त्या गाड्या नव्या होत्या तेव्हा श्रीमंतांनी त्या शांततेसाठीच विकत घेतल्या होत्या, हे मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. बग्गीतून उतरलेल्या माणसाला इंजिनाची धडधड म्हणजे अपमान वाटायचा. म्हणून तेव्हाचे कारागीर गिअरचा एकेक दात हाताने घासून जोडीला बसवायचे, पाट्यांच्या स्प्रिंगांना ग्रीस भरून वर कातड्याचे मोजे घालायचे, बोनेट टेकतं तिथे विणलेली पट्टी लावायचे. ऐंशी-नव्वद वर्षांत हे सगळं झिजून, कुजून जायचं आणि गाडी बोलायला लागायची. मास्तर ते परत करायचे, पण इथे मिळेल त्यातून. बोनेटखाली खाटेची नवार. लाकडी सांगाड्याच्या सांध्यांत मेणबत्ती. दाराच्या खिट्टीला कोल्हापुरी चपलेचं कातडं. कातड्याचे मोजे मी शिवायची. बाहेरचा टाका दिसू नये म्हणून आतून शिवून उलटवायचे. उशीचा अभ्रा जमतो तिला तेही जमतं.

तपासणी गुरुवारी. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस बंद, त्यामुळे चाकणच्या आतल्या रस्त्यांवर गाडीचा आवाज गाडीचाच ऐकू यायचा.

ज्या गाडीसाठी हे लिहिते आहे ती आप्पांची होती. आप्पा म्हणजे जुन्या गावकी घराण्यातले, जमिनीचं सोनं झालेले, हायवेला पेट्रोल पंप असलेले. त्यांनी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानिकाच्या घरातून लांबलचक लिमोझिन विकत घेतली. मागे मालकाची बैठक, पुढे ड्रायव्हरची, मधे वर-खाली होणारी काच. गाडीबरोबर तिचे ड्रायव्हर दगडूमामाही आले, स्टेपनीसारखे. साठी उलटलेली, फेटा, मिशा, तोंडात कायम तंबाखू. त्या गाडीशिवाय दुसरी गाडी त्यांनी क्वचितच चालवली होती. आप्पांनी पंपामागे एक खोली दिली होती, तिथे ते आणि त्यांची बायको राहायची. दुसरीकडे कुठे घर नव्हतं.

परातीत दोन फोन आणि चार अंगठ्या टाकून आप्पा म्हणाले, "मास्तर, आमची अक्का हाय, थोरली बहीण, राजगुरुनगरला. तिला गाडीत बसवलं तर म्हनली, एवढी जमीन इकून ह्ये डबडं आनलंस व्हय? मागं बसून बोललेलं ऐकू येत न्हाई. दसऱ्याला तिला परत बसवनार. तवा आवाज आला न्हाई पायजे. टाचणीचाबी न्हाई."

मास्तरांना याहून मोठं आमंत्रण नको होतं. वहीत त्या गाडीची त्रेपन्न नावं भरली. चार महिने काम चाललं. पंखा तराजूवर तोलून पाती घासली, सायलेन्सर उघडून नवा भरला, काचेच्या खोबणीत मी मखमल शिवून बसवली. दगडूमामा रोज एका स्टुलावर बसून हे बघायचे. बोलायचे काही नाहीत. एकेका आवाजावर लाल रेघ पडली की फक्त बाहेर जाऊन थुंकून यायचे.

शेवटचा आवाज गिअरबॉक्सचा. त्या काळचे सरळ दातांचे गिअर, पहिल्या-दुसऱ्यात ओंऽऽ असा सूर धरतात. दातांना हात लावण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी गिअरबॉक्सच्या पायांखाली फेल्ट घातलं, वरच्या लाकडी तळाखाली तीन थर चढवले, कडा कातड्याने बंद केल्या. मग इंजिन चालू करून आम्हाला विचारलं, "चालू आहे की बंद?" एक फिटर बंद म्हणाला. मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. म्हणाले, "त्रेपन्नावी रेघ."

गुरुवारी तपासणी. मागे आप्पा आणि मास्तर, पुढे दगडूमामा. मी आणि फिटर स्कूटरवर मागून. गाडी पहिल्या गिअरमध्ये लोण्यासारखी निघाली. दुसरा टाकताना असा कर्रर्र आवाज आला की चौकातलं कुत्रं उठून पळालं. तिसऱ्यालाही तेच. परत दुसरा, परत कर्रर्र. घाम पुसत मामांनी गाडी बाजूला घेतली.

मास्तरांनी गिअरबॉक्स उघडला. काही नाही. तेल बदललं, क्लच लावला, पुढच्या गुरुवारी तेच. पुन्हा उघडला, पुन्हा काही नाही.

"हात चुकतोय," दगडूमामा म्हणाले. पहिल्यांदाच काही बोलले.

आप्पांनी परातीतल्या अंगठ्या बोटांत चढवत मामांकडे न बघता मास्तरांना सांगितलं, "वय झालं त्यांचं. दसऱ्यापतुर बघतो. न्हाई जमलं तर भाच्याला बसवतो गाडीवर. खोलीबी त्यालाच लागंल."

मामांनी ऐकलं. दसरा अकरा दिवसांवर होता.

त्यानंतर मामा स्टुलावर बसून हवेत गिअर टाकायला लागले. डावा पाय दाबायचे, सोडायचे, हात हलवायचा, थांबायचे, परत पाय. हात अजिबात थरथरत नव्हता. उलट आमच्या फिटरांपेक्षा स्थिर होता. मला ते पटेना. चुकणारा हात असा नसतो. शिवणकामात मी असे हात पुष्कळ पाहिलेत.

पुढच्या गुरुवारी मी सांगितलं, मी पुढे बसणार. मास्तरांना कारण दिलं नाही, कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मामांनी क्लच दाबला, गिअरचा दांडा मधे आणला, क्लच सोडला, आणि मान गिअरबॉक्सकडे कलती केली. वाट बघितली. मग काहीतरी ठरवल्यासारखा दांडा ढकलला. कर्रर्र.

"मामा, दुसरा कधी टाकायचा ते तुम्हाला कळतं कसं?"

"कळतं कसं म्हंजे? ती सांगती."

"काय सांगते?"

ते मला वेडी समजले असावेत. तरी सांगितलं. "दांडा मधी आनायचा आन् थांबायचं. ती ओंऽऽ करत खाली येती. येती, येती, आन् एका जागी आली की म्हनती, आता. तवा टाकायचा." मग स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांनी तो सूर गुणगुणून दाखवला, वरून खाली, आणि एका जागी थांबले. "हितं. पन आता ती बोलतच न्हाई, पोरी. गेलं पंधरा दिस अंदाजानं टाकतोय."

मला सर्दीने कान बंद झालेले दिवस आठवले. मशीनचा आवाज ऐकू येत नव्हता म्हणून दिवसात तीन सुया मोडल्या होत्या आणि मी सुयांना शिव्या देत होते. मामांचा हात ठीक होता. आम्ही त्यांचा कान काढून घेतला होता, तीन थर फेल्ट घालून.

शेडमध्ये येऊन मी मास्तरांना हे सांगितलं. त्यांचं ओरडणं पलीकडच्या शेडमध्ये ऐकू गेलं असणार.

"म्हणजे मी आवाज परत घालू? चार महिने केलंय काय मग?"

"घालावा लागेल."

"वेगाच्या काट्याकडे बघून टाकावा गिअर. काटा आहे ना समोर."

"मग रस्त्याकडे कोण बघणार? तुम्ही?"

"बाई, लोक माझ्याकडे आवाज काढायला येतात."

"आप्पा आलेत. मामा आले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नाही."

मास्तर फुंकणी घेऊन शेडच्या मागे गेले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. शेड इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. फिटर कुजबुजत होते. मला काही वाईट वाटत नव्हतं, पण दसऱ्याला तीन दिवस उरले होते आणि मामांची बायको भांडी बांधायला लागली आहे, असं एक फिटर सांगत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडीच्या मागच्या सीटवर बसले, मधली काच वर केली आणि मला पुढे बसून बोलायला सांगितलं. मी बोलले. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही. अजून मोठ्याने बोला, अशी खूण केली. मी ओरडून सांगितलं की हट्ट सोडा. मान हलवली, ऐकू येत नाही. मग ते काच खाली करून म्हणाले, "मखमल चांगली बसवलीत. इकडे काही येत नाही. पुढे काय करायचं ते करा. मी बघणार नाही."

आणि खरंच पाठ करून उभे राहिले, शेडच्या दाराकडे तोंड करून, हात मागे बांधून. मी ड्रायव्हरच्या पायाजवळचा तळ उचलला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला तिन्ही थरांतून तळहाताएवढा तुकडा कापून काढला. दगडूमामांना बसवलं, इंजिन चालू केलं. कमी पडतंय म्हणाले. अजून दोन बोटं कापलं. मामांनी क्लच दाबला, सोडला, मान कलती केली आणि मिशीत हसले.

"बोलली?" मास्तरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"बोलली."

"बारीक बोलते की मोठ्याने?"

"माझ्यापुरतं, मास्तर."

दसऱ्याला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. मास्तरांनी त्या हलू नयेत म्हणून सुताने बांधायला लावल्या. मागे आप्पा, मास्तर आणि अक्का. मला पुढे बसवलं, कारण काही बिघडलं तर हात घालायला कुणीतरी हवं. राजगुरुनगरच्या बाहेरच्या रस्त्याला मामांनी पहिल्यातून दुसरा टाकला. पायाखालून ओंऽऽ खाली आला, एका जागी टेकला आणि दांडा आवाज न करता आत गेला. तिसराही. चौथाही. मी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे आप्पा अक्कांना काहीतरी सांगत होते आणि हाताने दाखवत होते की बघ, काही ऐकू येत नाही. मास्तर डोळे मिटून बसले होते.

दोन-तीन किलोमीटरवर अक्कांनी काच ठोकली. मामांनी गाडी थांबवली. अक्का दार उघडून खाली उतरल्या, नऊवारी सावरली आणि म्हणाल्या, "मला फुडं बसव. हितं दवाखान्यात बसल्यावानी वाटतंय."

आता मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे बसल्यावर अक्कांना आवाज येणार, अक्का आप्पांना सांगणार. मी मागे गेले, अक्का पुढे आल्या. आप्पांनी काच खाली केली, बहिणीशी बोलायला. मामांनी क्लच दाबला. पहिला, दुसरा. ओंऽऽ. मागेही आला आता, काच उघडी होती ना.

आप्पांनी कान टवकारले. "मास्तर, ह्यो कसला आवाज?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी अक्काच बोलल्या. "गाडीचा हाय. आता कशी गाडीत बसल्यासारखं वाटतंय. गप बस तू, आन् काच लाव तुझी."

आप्पांनी काच लावली. आवाज बंद झाला. काच खाली केली, आवाज आला. पुन्हा लावली. असं चार वेळा करून पाहिलं आणि शेवटी खूश झाले, जणू ही सोय त्यांनीच करून घेतली होती. "म्हंजे पायजे तवा चालू, पायजे तवा बंद. भारी हाय की, राव."

पंपावर परत आल्यावर त्यांनी दगडूमामांना हाक मारली. "मामा, हात बसला की तुमचा परत."

"व्हय," मामा म्हणाले. "बसला."

"दिवाळीच्या आधी खोलीला चुना मारून घ्या. पोपडे निघाल्यात."

मामा खोलीकडे निघाले. चालताना थुंकायचंही विसरले.

मास्तरांना जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना स्ट्रेचरवरून तपासणीला नेत होते, तर चाकाची किरकिर ऐकून त्यांनी वॉर्डबॉयला थांबवलं आणि तेलाची बाटली आणल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणून सांगितलं. वॉर्डबॉयने आणली. हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं, तक्रार म्हणून. मला त्यात तक्रारीचं काही दिसलं नाही.

पण त्या दसऱ्याच्या संध्याकाळी स्कूटरला किक मारता मारता ते मला म्हणाले होते, नेहमीच्याच आवाजात, म्हणजे पंपावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं, "बाई, कंपनीतली तीस आणि शेडमधली अकरा, एक्केचाळीस वर्षं मी मागच्या सीटवर बसूनच ऐकत होतो."

मी म्हटलं, "उद्या लवकर या. नवी गाडी येतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याआधी शेडमध्ये पोचले. नवी गाडी, म्हणजे सत्तर वर्षांची, ट्रेलरवरून उतरवून दारात उभी होती. बोनेट उघडलं नाही. आधी मालकाकडून तिच्या ड्रायव्हरचा नंबर घेतला, फोन लावला आणि विचारलं, "काका, हिचे कुठले आवाज ठेवायचेत तेवढं सांगा. बाकीचे आम्ही काढतो."